सहाव्या गाण्यातला श्वास

तलवाडा, ३ ऑगस्ट २०२५

रोहिणी,

'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण पेन तिथंच अडलं. 'वन्सं' लिहावं तर हसू येतं. बीडला त्या पत्र्याच्या खोलीत दोन वर्षं एका ताटात जेवलो, एकमेकींच्या ओढण्या वापरल्या, आणि आता तू माझ्या नवऱ्याची चुलत बहीण, म्हणजे मानानं मोठी. भेटलीस तर वाकून नमस्कार करावा लागेल. तेव्हा नुसतं रोहिणी.

कागदावर लिहितेय याचं नवल वाटेल तुला. फोनवर लिहिलं की तू वाचतेस, दोन निळ्या खुणा उमटतात आणि तू गप्प. त्या निळ्या खुणा बघून बघून माझे डोळे दुखायला लागले. कागदाला खुणा नसतात. वाचलंस की चुलीत घातलंस ते मला कळणार नाही, तेच बरं. अर्थात पुण्यात चूल कुठली म्हणा.

मी पंचमीला माहेरी आले. लग्नानंतरची पहिली पंचमी, तुमच्या कडा गावच्या मंडळींनी थाटात पाठवलं, गाडी थेट दारात आणून उभी केली. आई विचारते, तोंड कावून उतरलंय? मी सांगते, गाडी लागली. पंचमी होऊन पाच दिवस झाले तरी गाडीच लागलेली आहे. बाकी सगळं ठीक.

तुझा जपानीचा वर्ग कसा आहे? तुला तिथल्या बाईंनी अजून 'त्सु' म्हणायला लावलं का? बीडला मी म्हणायला लावायचे तेव्हा तू हसून लोळायचीस आणि म्हणायचीस, माझी जीभ कड्याची आहे, नाही वळणार. वळली म्हणायची.

आपल्या जपानी बँडचा निळा अल्बम अजून ऐकतेस का? मी ऐकते. एकच विचारायचं होतं. तुमच्या घरी जेवताना सगळे ज्या गोष्टीवरून माझ्यावर हसले, ते खरं आहे का? खरं असेल तर नुसतं हो म्हण. मी रागावणार नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं झालं असतं.

आरोही


तलवाडा, ११ ऑगस्ट

रोहिणी,

तुझा आवाज पोचला. पत्राला उत्तर म्हणून फोनवर आवाजाचा तुकडा पाठवायचा, ही पुण्याची रीत दिसते. "आरू, इतकं काय मनावर घेतेस? विजूदादा मनाचा चांगला आहे. मी तुझ्या भल्यासाठीच केलं." मागे कुणीतरी जपानी आकडे घोकत होतं, इची, नी, सान. तुझं बोलणं मी पुन्हा पुन्हा ऐकलं. त्यात 'नाही' कुठंच नाही. म्हणजे हो.

मग आता सगळं पहिल्यापासून लिहिते. तू होतीस त्यातलंही लिहिते, कारण तू ते सोयीनं विसरशील.

फेब्रुवारीत आमच्याकडे पाहण्याचा कार्यक्रम झाला. तुझा विजूदादा, म्हणजे विजयसिंह आला, त्याचे वडील म्हणजे तुझे मोठे काका आले आणि मध्यस्थ म्हणून तू. त्याआधी किती ठिकाणी त्यांनी पोहे खाल्ले होते ते मला नंतर कळलं. हल्ली मुलींना गावात राहणारा नवरा नको असतो, मग जमीन कितीही असो आणि दारात पुढाऱ्यांच्या गाड्या कितीही लागोत. मलाही नको होता. जूनमध्ये आपण दोघी जपानी शिकायला पुण्याला जाणार होतो. मी पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले तेव्हा नकार तोंडात तयार होता, आणि ते तुला ठाऊक होतं. ट्रे देताना तू मला चिमटा काढलास. मला वाटलं, धीर देतेस.

मग तुझे काका म्हणाले, "आता आपला जमाना ऱ्हायला न्हाई. पोरापोरीला जरा बोलू द्या." आम्हाला गच्चीवर पाठवलं. पाण्याच्या टाकीपाशी तो उभा, पँटीच्या खिशात हात. मी विचारलं, गाणी ऐकता का? माझी माणसं पारखायची पद्धत तुला माहीत आहे. बहुतेक जण तिथंच नापास होतात.

तो म्हणाला, "जपानी ऐकतो." आपल्या बँडचं नाव त्यानं अडखळत घेतलं. मला वाटलं, लाजतोय. मग म्हणाला, "त्या निळ्या अल्बमात सहाव्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी ती बाई श्वास घेती. लोक म्हणत्यात, चूक ऱ्हायलीय. मला तसं वाटत न्हाई. सगळं घर पुसून काढलंय आन् उंबऱ्यापाशी एक वलं पाऊल मुद्दाम तसंच ठेवलंय."

मी टाकीला हात टेकला.

त्या अल्बमवर लोकांनी नेटवर काय काय लिहिलंय ते आपण वर्षभर वाचत होतो. ब्राझीलचा तो दाढीवाला म्हणाला होता की गिटारी धुऊन इस्त्री केल्यासारख्या वाजतात. एक बाई म्हणाली, पहिल्या दोन अल्बमांत ही माणसं भांडत होती, आता गुळगुळीत झाली, पैसा बोलतोय. कुणीतरी लिहिलं, दवाखान्याच्या फरशीसारखं स्वच्छ आहे, पाय ठेवायची भीती वाटते. एकानं पूर्ण गुण दिले होते आणि कारण काहीच दिलं नव्हतं. आणि त्या श्वासाबद्दल ज्यांनी लिहिलं त्या सगळ्यांनी एकच लिहिलं, एवढा खर्च केला आणि हे पुसायला विसरले. मला तो श्वास म्हणजे अख्ख्या अल्बममधली एकुलती एक जिवंत जागा वाटायची. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुलाही नाही. हसशील असं वाटायचं.

आणि इथं, तलवाड्यात, आमच्या गच्चीवर, एका माणसाला ते ऐकू आलं होतं. रोहिणी, मला आयुष्यात असं कधी झालं नव्हतं. मी खाली आले आणि हो म्हणाले. आईनं देवापुढं साखर ठेवली. तू मला मिठी मारलीस. पुण्याचं विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "आधी मी जाऊन बघते. तुला दादा पाठवेल की नंतर." मला पुण्याचं तेवढं दुःख झालं नाही, हेही सांगून टाकते. बरोबर ऐकणारं माणूस घरातच मिळालं तर पुणं कशाला, असा माझा हिशेब.

लग्न मे महिन्यात. मग जोडीनं कपिलधारला गेलो. धबधब्याला पाणी नव्हतं. येताना गाडीत मी सहावं गाणं लावलं आणि ती जागा यायची वाट बघत बसले. जागा आली तेव्हा त्यानं काच खाली करून रस्त्यावरच्या कुणाला तरी हाक मारली, "काय बे, कुठं निघाला?" आणि काच वर केल्यावर म्हणाला, "हे चायनीज बंद कर की. डोकं उठलं."

मी म्हटलं, आणि ते ओलं पाऊल?

तो मनापासून हसला. "ते व्हय? ते रोहिणीनं पाठ करून घेतलं व्हतं माझ्याकडून. ह्याच गाडीत. म्हनली, एवढं बोल, पोरगी न्हाई म्हनायची न्हाई. लई कटकट केली तिनं. मी चुकायचो, ती परत म्हनायला लावायची."

त्याच्या मनात काही पाप नव्हतं, हे सर्वांत वाईट. त्यानं तीच गोष्ट घरी जेवताना सांगितली. सासूबाई म्हणाल्या, रोहिणी लई हुशार. तुझे मोठे काका ठसका लागेपर्यंत हसले आणि म्हणाले, "पाठांतरावर सून आणली." मी त्यांना पाणी दिलं. सुनेचं कामच ते.

आरोही


तलवाडा, १९ ऑगस्ट

रोहिणी,

या वेळी आवाजही नाही. बरं.

इथं आता सगळ्यांना कळलंय की मला गाडी लागलेली नाही. मी कड्याला परत जाणार नाही म्हणाले. आईनं रीतसर चौकशी केली. "मारतो का?" नाही. "पितो का?" नाही. "दुसरीकडं कुठं काही?" नाही. "मग?" मग मी गाण्याचं सांगितलं. आई म्हणाली, "गाण्यावरून कुणी नांदायचं सोडतं का गं? लोकाला काय सांगू मी?"

खरंच काय सांगणार? त्यानं दारू पिऊन मला मारलं असतं तर अख्खा गाव माझ्या बाजूनं उभा राहिला असता. त्यानं फक्त दुसऱ्याचं मत आपलं म्हणून सांगितलं. त्याला या जिल्ह्यात कुणी गुन्हा म्हणत नाही, अर्धं राजकारण त्यावरच चाललंय.

आजी, आमची छबुबाई, तिनं मात्र फोन कानाला लावून अख्खं गाणं ऐकलं. संपल्यावर म्हणाली, "आवाज लई सारवलाय. पर किती बी सारवा, कुठंतरी बोटं दिसत्यातच." मी आनंदानं उडालेच. मग ती म्हणाली, "पर नांदायला जा बाई." झालं.

आता मुद्द्याचं. इतके दिवस मला वाटत होतं, तू ते पावलाचं बोलणं कुणा श्रोत्याच्या मतातून उचललंस आणि त्याला दिलंस. इथं आल्यापासून मला काही उद्योग नाही, म्हणून मी ती सगळी मतं पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचली. पाऊल कुठंच नाही. उंबरा नाही, पुसलेलं घर नाही. जगात कुणी ते लिहिलेलं नाही. मी बोललेली नाही. विजयसिंहांनी तर गाणंच ऐकलेलं नाही.

म्हणजे ते तुझं होतं.

हे कळलं तेव्हा मी भांडी घासत होते. बीडला एकाच इअरफोनचं एक टोक तुझ्या कानात, एक माझ्या. मी विचारायचे, कसं वाटलं? आणि तू दर वेळी, "मला काय कळतंय त्यातलं. तू ऐकतेस म्हणून ऐकते." मी तुला समजावत बसायचे, वेडीसारखी. आणि तुला माझ्याइतकंच, माझ्याहून नीट ऐकू येत होतं. माझ्यासमोर एकदा, एकदाच ते बोलली असतीस तर मी तुझ्यामागं पुण्याला काय, कुठंही आले असते. ते तू मला दिलं नाहीस. ते तू विजूदादाला दिलंस, गाडीत बसवून, पाठ होईपर्यंत. मी तुझ्या मताला भाळले आणि नांदायला गेले भलतीकडेच.

कशाच्या बदल्यात दिलंस तेही सासूबाईंनी मला सांगितलं, गवार मोडता मोडता, सहज. "रोहिणीला पुण्याला कोण सोडत व्हतं? आमचे मालक म्हनले, आधी आपल्या विजूचं जमव, मग खुशाल जा." हे ऐकून मी तुझी बाजू घ्यायचाही प्रयत्न केला. तुला त्या घरातून निघायचं होतं. आपल्या जागी दाराशी एकच माणूस उभं करायचं होतं, म्हणजे तुला बाहेर पडता आलं असतं. तू मला उभं केलंस. मला विचारलं असतंस तर आपण दोघींनी मिळून काहीतरी काढलं असतं, एवढंच मला वाटतं. राग त्याचाच आहे.

गणपतीच्या आदल्या दिवशी तुमच्याकडची मंडळी इथं बैठकीला येणार आहेत. महालक्ष्म्यांच्या सणाला नवी सून घरात पाहिजे, म्हणून मला घेऊन जायचं. अण्णा बसतील, पण ते बोलणार नाहीत. माझ्या वडलांना गावातल्या प्रत्येक बैठकीला बोलावतात ते त्यासाठीच. खाली मान घालून बसतात, मधे बोलत नाहीत, कुणाला त्रास नाही.

तू ये. बैठकीत एक वाक्य म्हण. 'ते बोलणं दादाचं नव्हतं, माझं होतं, आणि आरोहीनं हो म्हणावं म्हणून मी त्याला शिकवलं.' तुझं पुणं कुणी काढून घेणार नाही, वर्ग सुरू झालाय. मी बोलले तर ते गाण्याचं खूळ. तू बोललीस तर ती फसवणूक होईल. या सगळ्यात ते सांगू शकणारं माणूस तू एकटी आहेस.

वाट बघते.

आरोही


तलवाडा, २८ ऑगस्ट

रोहिणी,

तू फोनवर होतीस, त्यामुळं अर्धी बैठक तुला माहीत आहे. उरलेली अर्धी सांगते.

सतरंजीवर एका बाजूला तुझे मोठे काका, विजयसिंह आणि तुमच्याकडचे दोन जाणते. दुसऱ्या बाजूला अण्णा, माझे मामा आणि सरपंच. आम्ही बायका दाराआड. बोलणं सगळं गोडीत चाललं. तुझे काका म्हणाले, "सूनबाईला काही कमी पडलं असंल तर सांगा. आमी माणसात ऱ्हाणारी माणसं हाव." मामांनी माझं गाण्याचं सांगितलं. सांगताना त्यांनाच लाज वाटत होती. सरपंच हसू दाबत होते.

मग मी दारातून म्हणाले, रोहिणीला विचारा. बाई बैठकीत बोलली म्हणून सरपंचांचं हसू गेलं. तुझे काका म्हणाले, "विचारा की. आपल्याला काय लपवायचंय?" त्यांनीच तुला फोन लावला, स्पीकर चालू केला आणि फोन सतरंजीच्या मधोमध ठेवला, पानाच्या तबकाशेजारी. म्हणाले, "रोहिणी, हितं सगळे बसलेत. विजूनं लग्नाआधी आरोहीला जे गाण्याचं सांगितलं, ते त्याचं व्हतं का तू शिकिवलेलं? खरं काय ते सांग."

तुझं उत्तर सगळ्यांनी ऐकलं. "नाही काका, असं काहीच नाही. विजूदादाला पहिल्यापासून गाण्याची आवड आहे." आवाज स्वच्छ, कुठं खरचटलेला नाही. पुण्याच्या वर्गात बोलणं सुधारतं म्हणतात, ते पटलं.

विजयसिंह तुझं ऐकून खाली बघायला लागले. तेवढं मी त्यांच्या खात्यावर जमा केलंय. तुझ्या काकांनी फोन बंद केला, "झालं मग," म्हणाले, आणि मंडळी उठायला लागली. आई आत माझी बॅग भरायला वळली. मी दाराची चौकट धरून उभी होते आणि मला रडू येत नव्हतं. मी विचार करत होते की मला जे ऐकू आलं ते आता मी कुणाला सांगू. कुणी विश्वास ठेवला असता?

तेव्हा अण्णा बोलले. खाली मान होती तशीच. "थांबा जरा. ती पोरगी बोलायच्या आधी अडली कावून?"

कुणालाच कळेना. तुझे काका म्हणाले, "कवा अडली?"

"तुमी विचारलं. मग तिनं दम घेतला. मोठा दम घेतला, आन् मग न्हाई म्हनली."

"राधाकिशनराव, फोनात खरखर व्हतीच."

"खरखर न्हाई," अण्णा म्हणाले. "दम व्हता. आवड हाय का न्हाई, येवढं सांगायला माणसाला दम घ्यावा लागत न्हाई." आणि मग सरपंचांकडे न बघता, कुणाकडेच न बघता, "आरोही महालक्ष्म्यांना हितंच ऱ्हाईल. पुढचं पुढं बघू."

बैठक मोडली. चहा तसाच राहिला. तुझ्या काकांनी जाताना अण्णांचा रामरामही घेतला नाही. विजयसिंह गाडीत बसण्याआधी माझ्यापाशी आले. मला वाटलं, ओरडतील. त्यांनी हळूच विचारलं, "खरं सांग, येवढं काय व्हतं त्या गाण्यात?" लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं. मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी तेही पाठ केलं असतं.

आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. गावात काय बोलतात ते मी ऐकत नाही. अण्णांनी काल अंगणात हात धुताना विचारलं, "ती पोरगी तुझी मैत्रीण हाय न्हवं?" मी म्हटलं, व्हती. ते म्हणाले, "अडली तरी." आणि जेवायला आत गेले. त्यांनी तुला तेवढी सूट दिली. मी देणार नाही. तुला खरं तोंडाशी आलं होतं आणि तू ते गिळलंस, हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. नुसतं खोटं बोलली असतीस तर मी कदाचित विसरले असते.

आज मी त्या श्रोत्यांच्या पानावर जाऊन पहिल्यांदा माझं मत लिहिलं. सहाव्या गाण्याखाली. लिहिलं की ही चूक नाही, सगळं घर पुसून काढलंय आणि उंबऱ्यापाशी एक ओलं पाऊल मुद्दाम तसंच ठेवलंय. आणि त्याखाली लिहिलं, हे मत माझं नाही, माझ्या नवऱ्याचंही नाही. हे कड्याच्या रोहिणीचं आहे. बैठकीत तुला जे म्हणता आलं नाही, ते मी साऱ्या जगासमोर तुझ्या नावानं लिहून टाकलं. तिथं तुझे काका नाहीत. घाबरू नकोस.

संध्याकाळी बघितलं तर ब्राझीलच्या त्या दाढीवाल्यानं खाली लिहिलं होतं की त्यानं गाणं पुन्हा लावून बघितलं, तो इतके दिवस चुकत होता, आणि या रोहिणीचे कान फार चांगले आहेत, हे तिला सांगा.

म्हणून हे शेवटचं पत्र. सांगितलं.

आरोही